संगणक दूर, सभासद दारात



मार्चअखेरची गोष्ट. पीककर्ज भरायची मुदत संपत आलेली. आमच्या पिंपरी पेंढारचे एक वयस्कर सभासद पैसे घेऊन एका संस्थेच्या खिडकीपाशी उभे होते आणि त्यांच्या मागे माझा नंबर होता. क्लार्कने खातेनंबर टाकला, बटण दाबले आणि संगणकाचा पडदा जागच्या जागी थिजला. "बाबा, थांबा जरा, सर्व्हर स्लो आहे." पाच मिनिटे गेली. क्लार्कने वैतागून पुन्हा बटण दाबले. थोड्या वेळाने पाहतो तो काय, एकच भरणा दोनदा नोंदलेला! ती नोंद उलटवायला साहेबांची परवानगी, परवानगीला पुन्हा तोच संगणक. दिवस मावळला. उसाच्या कडेने अंधारात घरी जायचे म्हणजे आपल्याकडे बिबट्याची धास्ती. बाबा म्हणाले, "पैसे माझे, आणि चोरासारखा उभा मीच!"

दुसऱ्या दिवशी वरच्या कचेरीत विचारणा झाली. उत्तर आले, "आमच्याकडे तर सगळे व्यवस्थित दिसतेय." गंमत अशी, की क्लार्क खोटे बोलत नव्हता आणि वरची कचेरीही खोटे बोलत नव्हती. दोघे दोन ठिकाणी मोजत होते, इतकेच.

दूरचे टेबल

पूर्वी दप्तर कपाटात असे, पुढे ते टेबलावरच्या संगणकात आले. आता ते दूर शहरातल्या मोठ्या संगणकात गेले आहे. केंद्र सरकारने २०२२ च्या जूनमध्ये देशातल्या ६३,००० विकास सोसायट्यांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, २,५१६ कोटी रुपयांची. त्यातही गावोगावच्या सोसायट्यांनी एकाच सामायिक सॉफ्टवेअरवर यावे असे ठरले.

याच्याही पुढची पायरी म्हणजे 'व्हर्च्युअल डेस्कटॉप'. यात केवळ दप्तरच नव्हे, तर क्लार्कचे अख्खे टेबलच दूरच्या संगणकात असते. समोर दिसते ते नुसते चित्र. इथे कळ दाबली की तो निरोप तिकडे जातो, काम तिकडे होते आणि बदललेले चित्र परत इकडे येते. कल्पना नवी नाही. अमेरिकेतल्या एम.आय.टी. संस्थेत १९६१ साली एका संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करून दाखवले होते.

यात फायदाही आहे. गावातला संगणक जळाला, चोरीला गेला, तरी हिशेब शाबूत राहतो. पण एका मोठ्या संगणकावर पन्नास-शंभर टेबले मांडलेली असतात. एकाने जड काम काढले की बाकीच्यांची टेबले हलू लागतात.

पाणी टेलला पोचले का?

हे आपल्याला कालव्यावरून चटकन समजेल. कुकडीचा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करीत करमाळ्यापर्यंत जातो. धरणाच्या दारात मोजले तर पाणी पुरेपूर सुटलेले असते. पण टेलच्या शेतकऱ्याला विचारा! वाटेत गळती, चारीत गाळ आणि मधल्यांची ओढ. मुखापाशी केलेले मोजमाप खरे असूनही टेलच्या पिकाला त्याचा उपयोग नसतो.

संगणकाचेही तसेच. मोठा संगणक चालू आहे की नाही, हे पाहणे म्हणजे धरणाच्या दारातली नोंद. खिडकीवरच्या माणसाला किती थांबावे लागले, ही टेलची नोंद. आपल्याकडे बहुतेक वेळा पहिलीच ठेवतात.

अंतराला दोष देऊन भागत नाही. आपल्याच तालुक्यातली खोडदची दुर्बीण पाहा. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, आणि मधल्या इमारतीशी ऑप्टिकल फायबरने जोडलेल्या. अशा फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबईचा संगणक तारेने २०० किलोमीटर धरला, तरी जाण्यायेण्याला सेकंदाचा पाचशेवा भाग लागेल. उपग्रहाची जोडणी असेल तर गोष्ट वेगळी. तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचावर असतो. प्रश्न वर जाऊन खाली यायचा, उत्तरही वर जाऊन खाली यायचे, यातच अर्धा सेकंद जातो. मिनिटे जातात ती मात्र अंतरामुळे नव्हे. ती जातात गर्दीत, तुटक्या जोडणीत आणि अपुऱ्या यंत्रात.

मोजायचे काय?

पहिले, सकाळी टेबल उघडायला लागणारा वेळ. दहाच्या ठोक्याला सगळ्या शाखा एकदम आत शिरू पाहतात. पहाटे साऱ्या गाड्या एकदम काट्यावर आल्या की रांग लागते, तसेच हे.

दुसरे, कळ दाबल्यापासून पडदा हलेपर्यंतचा वेळ. आय.बी.एम.च्या दोघा तज्ज्ञांनी १९८२ साली दाखवून दिले, की उत्तर एका सेकंदाच्या आत येऊ लागले की माणसाचे काम झपाट्याने वाढते. कारण साधे आहे. वाट पाहावी लागली की हातातले काम डोक्यातून निसटते. मायक्रोसॉफ्टच्या २०१९ च्या विंडोज सर्व्हरपासून प्रत्येक वापरणाऱ्याने दाबलेली कळ किती वेळ तशीच पडून राहिली, हे मोजायची सोय आली. मात्र वाटेतला वेळ त्यात येत नाही. तो वेगळा मोजावा लागतो.

तिसरे, जोडणी दिवसात किती वेळा तुटली. चौथे, मोठ्या संगणकावर त्या घटकेला किती टेबले होती आणि त्याची साठवण किती वेगाने उत्तर देत होती. चारही आकडे एकाच वेळेचे, शेजारी शेजारी मांडले, की दुखणे कुठे आहे ते सापडते. नाहीतर शाखा म्हणते सर्व्हर, सर्व्हरवाला म्हणतो लाईन, आणि लाईनवाला म्हणतो तुमचा संगणक जुना!

सरासरीवर भुलू नका

समजा, शंभर वेळा कळ दाबली. ९५ वेळा अर्ध्या सेकंदात उत्तर आले, ५ वेळा २० सेकंद लागले. सरासरी येते जेमतेम दीड सेकंद. कागदावर छानच! पण ते पाच जण कोण? बहुधा मार्चअखेरचे, बाजारच्या दिवसाचे, ऊसबिल जमा झाल्याच्या दिवसाचे. म्हणजे ज्या दिवशी गरज जास्त, त्याच दिवशीचे. म्हणून सर्वांत वाईट पाच कोणते, कधीचे आणि कुठल्या खिडकीचे, ते विचारावे.

काटा तपासतो, तसा पडदाही तपासा

उसाच्या काट्यावर आपण डोळे झाकून विश्वास ठेवत नाही. वैधमापनशास्त्र विभाग प्रमाणित वजने ठेवून तो तपासतो. पडद्याचीही तशी तपासणी करता येते. दर तासाला एक ठरलेले नमुन्याचे काम खिडकीवरच्याच संगणकावरून करायचे आणि लागलेला वेळ आपोआप नोंदवायचा. यंत्र नसेल तर वही चालेल. तारीख, वेळ, काय अडले, किती मिनिटे, एवढे चार रकाने पुरेत. "सर्व्हर स्लो होता" या वाक्याला वजन नसते, पण "दहा ते अकराच्या दरम्यान सात वेळा, एकूण बावीस मिनिटे" अशा नोंदीला उत्तर द्यावेच लागते.

मोजमाप यंत्राचे आहे, क्लार्कचे नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. ही वही कर्मचाऱ्याला धारेवर धरायला वापरली, तर दुसऱ्याच दिवशी ती खोटी भरू लागेल. खिडकीमागचा माणूसही आपल्याच गावचा आहे. दिवसभर बोलणी तोच खातो.

आपण ज्या ज्या संस्थेचे सभासद आहोत, मग ती सोसायटी असो, पतसंस्था असो की बँक, तिच्या वार्षिक सभेत तीन प्रश्न विचारू या. वेळ खिडकीपाशी मोजता का? ठेकेदाराशी केलेल्या करारात किती सेकंदांची हमी लिहून घेतली आहे? आणि मुदतीच्या दिवशी यंत्रणा बंद पडली, तर ताटकळलेल्या सभासदाचा भरणा त्याच तारखेचा धरणार का?

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. मुदत चुकली की व्याजसवलत जाते, आणि ती सभासदाची जाते, संगणकाची नव्हे. बाबांचा भरणा त्या दिवशी कसाबसा मुदतीत बसला. रांगेत त्यांच्या मागे आणखी अकराजण उभे होते.