पॅकेट : पाठीवर जेट घेऊन लडाखला जाणारं विमान

मागच्या व्याख्यानात डाकोटा झालं. 1947 चं श्रीनगर आणि 24 मे 1948 ला मेहर सिंग आणि थिमय्या लेहला उतरले तो प्रसंग, हे आपण बघितलं. आज त्याच्या पुढचं विमान घेऊ : फेअरचाइल्ड सी-119, आपल्याकडचं नाव पॅकेट. अमेरिकेत याला उडता मालडबा म्हणत, आणि फोटो पाहिलात तर ते नाव पटतं. मधे चौकोनी डबा, दोन्ही बाजूंना इंजिनं, इंजिनांमागून निघालेल्या दोन लांब दांड्या आणि त्यांना जोडणारी शेपटी. देखणं विमान नाही, पण मागची बाजू पूर्ण मोकळी असल्यामुळे ट्रक थेट मागे लावून माल आत सरकवता येतो.

भारतीय हवाई दलात ते 1954 पासून आलं. आता लडाखचा प्रश्न काय होता ते बघा. चौक्या पुढे पुढे जात होत्या आणि रस्ते नव्हते. पीठ, रॉकेल, दारूगोळा, सगळं वरून टाकायचं. माल हवेतून टाकायचा असेल तर पॅकेटचे मागचे दरवाजे जमिनीवरच काढून ठेवावे लागत. म्हणजे हिमालयावरून मागे सताड उघड्या विमानात, ऑक्सिजनचा मास्क लावून, हातांनी पोती ढकलायची! वैमानिकांची नावं इतिहासात येतात, या लोकांची फारशी येत नाहीत.

नुसतं टाकून भागत नाही, कारण आजारी माणूस वर खेचून आणता येत नाही. त्यासाठी उतरावंच लागतं. कारकोरम खिंडीच्या दक्षिणेला दौलत बेग ओल्डी आहे. (तुर्की भाषेत अर्थ होतो : दौलत बेग मेला ती जागा. नावातच सगळं आलं.) उंची साधारण 16,600 फूट. तिथे हवेची घनता समुद्रसपाटीच्या जेमतेम 60 टक्के. पंखाला तेवढाच उचल मिळवायचा तर वेग सुमारे 30 टक्के जास्त हवा. म्हणजे उतरताना विमान जमिनीवर जास्त वेगाने टेकणार, धावपट्टी जास्त खाणार, आणि पट्टी कच्ची. उडताना आणखी वाईट : वेग जास्त हवा, पण विरळ हवेत पिस्टन इंजिनांचा जोर उतरलेला. त्यात एक इंजिन बंद पडलं तर डोंगर ओलांडण्याइतकी ताकद उरत नाही.

यावर काढलेला तोडगा मला फार आवडतो. विमानाच्या पाठीवर, डब्याच्या छतावर, एक जेट इंजिन बसवलं. आधी अमेरिकन वेस्टिंगहाउसचं, नंतर ऑर्फियस, जे नॅट या लढाऊ विमानात असायचं आणि बंगळुरूला एचएएलमध्ये बनत होतं. उंचीवर जेटचाही जोर घटतोच, पण नेमक्या गरजेच्या मिनिटांना जादा धक्का मिळतो आणि मग ते बंद करता येतं. थोडक्यात, मालगाडीला घाटात मागून लावतात ना बँकर इंजिन, तसलाच प्रकार. कसारा घाट आठवा.

23 जुलै 1962 ला स्क्वॉड्रन लीडर सी. के. एस. राजे यांनी पॅकेट दौलत बेग ओल्डीला उतरवलं. तीन महिन्यांनी चीनशी युद्ध सुरू झालं, म्हणजे ही विक्रमाची हौस नव्हती. तिथली ये-जा साधारण 1965 पर्यंत चालली, मग पट्टी बंद पडली. पॅकेट मात्र थांबलं नाही. 11 डिसेंबर 1971 ला टांगाइलला 2 पॅराचे जवान उतरवणाऱ्या ताफ्यात ते होतं.

एका श्रोत्याने विचारलंय, पुढे काय झालं? 1984 पासून अँटोनोव्ह-32 आलं. त्यात जादा जोर पाठीवर बांधला नाही, मूळ इंजिनंच दांडगी घेतली आणि मोठ्या पंख्यांसाठी ती विमानाच्या पंखांच्या वर बसवली. 31 मे 2008 ला याच विमानाने दौलत बेग ओल्डीची पट्टी पुन्हा सुरू केली. तिथवरचा पक्का रस्ता 2019 चा. अँटोनोव्ह-32 बद्दल पुढच्या वेळी.