निरोगी रोप आणि प्रतिकारक रोप

बजाजनगरात स्थिरावलेल्या आपल्या अनेक कुटुंबांची शेती आजही गावी आहे. ‘ऊतिसंवर्धित केळीला रोग येत नाही’ हा समज पालकांच्या बोलण्यात आम्हांला वारंवार आढळतो. त्याची चिकित्सा आवश्यक आहे.

ऊतिसंवर्धनात मातृझाडाच्या कोंबापासून प्रयोगशाळेत हजारो रोपे तयार होतात. मातृझाड विषाणूमुक्त असेल तर रोपे निरोगी निपजतात. बाधित असेल तर रोगच शेतोशेती पोहोचतो. परंतु निरोगी म्हणजे प्रतिकारक नव्हे. जळगाव जिल्ह्यातील रावेर परिसरात २०२० साली केळीवर कुकुंबर मोझॅक विषाणू पसरला. काकडी, मिरची, टोमॅटो यांवरून मावा कीड तो कोवळ्या रोपांवर आणते. आणि एकाच वाणाची सारी रोपे सारखीच बळी पडू शकतात.

जनुकीय परिवर्तनाचा मार्ग वेगळा आहे. अमेरिकेच्या हवाई बेटांवर १९९८ पासून लागवडीत आलेल्या ‘रेनबो’ पपईत रिंगस्पॉट विषाणूच्याच आवरण-प्रथिनाचे जनुक घातलेले आहे. त्यामुळे झाड त्या विषाणूची वाढ रोखते. इतर विषाणूंपासून मात्र ते संरक्षण देत नाही.

बाधित केळी औषधाने बरी होत नाही. पानांवर पिवळसर पट्टे दिसताच झाड उपटून नष्ट करावे, बागेत काकडीवर्गीय आंतरपीक टाळावे आणि रोपांच्या पावतीसोबत विषाणू-तपासणीचा दाखलाही मागून घ्यावा, ही पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे.