भौतिकोपचार केंद्राचे संकेतस्थळ

भौतिकोपचार (फिजिओथेरपी) केंद्राचे संकेतस्थळ हे केंद्रातील उपचार, उपचारक, वेळा, शुल्क आणि तेथे पोहोचण्याची सोय यांची माहिती आंतरजालावर देणारे माध्यम होय. त्यातून केंद्राची प्रसिद्धीही होते. परंतु ते उघडणारी व्यक्ती बहुधा स्वतः वेदनेत असते किंवा घरातील आजारी माणसासाठी धावपळ करीत असते. म्हणून या व्यक्तीला कोणता निर्णय घ्यावयाचा आहे, हे आधी ठरवून संकेतस्थळाची आखणी करणे उचित ठरते.

मजकुराची आखणी

रुग्ण ‘अस्थिस्नायू पुनर्वसन’ असे शब्द शोधत नाही. तो गुडघेदुखी, कंबरदुखी, आखडलेला खांदा, अर्धांगवायू असे शोधतो. पानांची शीर्षकेही याच नावांनी असावीत. प्रत्येक पानावर पहिल्या भेटीत काय तपासले जाते, तिला साधारण किती वेळ लागतो, क्ष-किरण चित्रे व शस्त्रक्रियेची कागदपत्रे आणावीत का, हे सांगितलेले असावे. महाराष्ट्रात भौतिकोपचार म्हणजे ‘शेक घेणे’ असा समज अद्याप आढळतो. केवळ यंत्रांची छायाचित्रे लावणारी संकेतस्थळे तो अधिकच दृढ करतात. वास्तविक अनेक व्याधींत व्यायाम हाच उपचाराचा कणा असतो.

धोक्याची लक्षणे

हा भाग बहुतेक ठिकाणी वगळला जातो, आणि सर्वाधिक हानी येथेच संभवते. कंबरदुखीबरोबर लघवी वा शौचावरील ताबा जाणे, जांघांमध्ये बधिरता येणे. अकस्मात तोंड वाकडे होणे, एका हातातील शक्ती जाणे किंवा बोलणे अडखळणे. शस्त्रक्रियेनंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे – अशा वेळी रुग्णाने भेटीच्या वेळेची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठणे आवश्यक असते. ही सूचना दूरध्वनी क्रमांकाच्याही वर, ठळक अक्षरांत असावी. तपासणीविना सर्वांना सारखेच व्यायाम सांगणाऱ्या चित्रफितींनाही तशीच सूचना जोडावी लागते.

विश्वासार्हता व गोपनीयता

उपचारकाची पदवी व नोंदणी क्रमांक स्पष्ट द्यावा. भारतात राष्ट्रीय पातळीवर या व्यवसायाचे नियमन २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसायविषयक आयोगाच्या कायद्याखाली येते. ‘शंभर टक्के आराम’ यांसारखी आश्वासने कोणताही प्रामाणिक उपचारक देऊ शकत नाही. रुग्णांची छायाचित्रे व अनुभव त्यांच्या स्पष्ट संमतीनेच वापरावेत; ही संमती मागे घेण्याचा अधिकार डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ मध्ये मान्य केलेला आहे. भेट ठरविण्याच्या अर्जात नाव, क्रमांक व सोयीची वेळ पुरेशी असते.

सुगम्यता

हात थरथरणारे, मान न वळणारे, दृष्टी मंदावलेले लोक हेच येथील वाचक असतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमच्या सुगम्यता तत्त्वांनुसार ‘एए’ पातळीसाठी सामान्य आकाराची अक्षरे व पार्श्वभूमी यांतील विरोधाचे गुणोत्तर किमान ४.५:१ हवे. कळा मोठ्या असाव्यात. मराठी मजकूर चित्रात न घालता युनिकोड देवनागरीत लिहिल्यास तो शोधयंत्रांना सापडतो आणि वाचक-प्रणालीला मोठ्याने वाचता येतो.

पत्त्यासोबत केंद्र कितव्या मजल्यावर आहे, उद्वाहक (लिफ्ट) आहे का, चाकांची खुर्ची दारापर्यंत येते का आणि रिक्षा कोठे थांबते, हेही नमूद करावे. वेळा वा शुल्क बदलल्यास त्याच दिवशी दुरुस्ती करणे इष्ट असते. बंद केंद्रासमोर कुबड्या घेऊन उभ्या असलेल्या रुग्णाला जुन्या पानाचा काही उपयोग नसतो.