शरदातले मावळ : थकल्या देहाला विहाराचे निमंत्रण

आश्विन उजाडला की मावळाचे रूप पालटते. चार महिने लोणावळ्याच्या डोंगरांना वेढून बसलेले धुके विरते, लोहगड आणि राजमाचीचे कडे निळ्या आकाशाखाली स्वच्छ उमटतात, इंद्रायणीचे गढूळ पाणी निवळू लागते. माळावर सोनकीची पिवळी फुले डोलत असतात आणि खाचरांतील भाताच्या लोंब्यांवर सोनेरी झाक चढते. लोणावळा म्हटले की अनेकांना पावसाळ्यातील गर्दी आठवते. परंतु निसर्गाचा निवांत सहवास हवा असेल, तर त्यासाठी शरदासारखा ऋतू नाही.

पित्ताचा काळ, निवळलेले पाणी

हा ऋतू सुंदर असला तरी सौम्य नाही. वर्षाऋतूत साचलेले पित्त शरदाच्या उन्हाने प्रकोप पावते, असे आयुर्वेद सांगतो. म्हणून चरकसंहितेने या काळात मधुर, कडवट व हलका आहार हितकर मानला असून दही, तेल, क्षार आणि दिवसाची झोप टाळण्यास सांगितले आहे. दिवसा सूर्यकिरणांनी तापलेल्या, रात्री चांदण्यात निवलेल्या आणि अगस्त्य ताऱ्याच्या उदयाने निर्दोष झालेल्या शरदातील पाण्याला तेथे ‘हंसोदक’ असे नाव आहे. आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत चालणारी आयंबिलाची ओळीही याच ऋतूत येते. तेल, तूप, दूध, दही, गूळ-साखर यांवाचूनचा एक वेळचा आहार हा मुळात तपाचा भाग. तथापि त्यामुळे पोटालाही विसावा मिळतो.

विहाराचा मुहूर्त

पावसाळ्यात भूमी अंकुरांनी, शेवाळाने आणि असंख्य सूक्ष्म जीवांनी भरलेली असते. पावलाखाली हिंसा घडू नये म्हणून साधू-साध्वी चातुर्मासात एका ठिकाणी स्थिर राहतात. शत्रुंजयाची यात्राही थांबते. कार्तिकी पौर्णिमेला ती पुन्हा सुरू होते आणि विहाराची पावले रस्त्याला लागतात. तेथून अमावास्येपर्यंतचा पंधरवडा शरदाचा अखेरचा असतो.

व्यापारी कुटुंबालाही सवड मिळते ती याच सुमारास. नवरात्रापासून दिवाळीपर्यंत दुकानाची गादी सुटत नाही. जेवणाच्या वेळा चुकतात, झोप उणावते, घरच्यांशी निवांत बोलणे होत नाही. वहीपूजन होते, वर्षाचा हिशेब जुळतो; परंतु देहाच्या खात्यावर चढलेली थकबाकी तशीच पुढे ओढली जाते. ती फेडण्यास दूरच्या प्रवासाची गरज नाही. पुण्याहून लोकलने मळवली किंवा लोणावळा गाठता येते.

व्यापाऱ्यांची जुनी वाट

कोकणातील बंदरांवरून बोरघाटाने देशावर चढणारा प्राचीन व्यापारी मार्ग याच मावळातून जात असे. कार्ल्याचे भव्य चैत्यगृह वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीने पूर्णत्वास नेले, असे तेथील शिलालेख सांगतो. जैन वाचकांसाठी मावळातीलच पाले येथील लेणे अधिक जिव्हाळ्याचे. तेथील ब्राह्मी लेखाचा आरंभ ‘नमो अरहंतानं’ या शब्दांनी होतो आणि भदंत इंदरखित यांनी हे लेणे व पोढी करविल्याची नोंद त्यात आहे. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. इसवी सनापूर्वीचा हा लेख महाराष्ट्रातील प्राचीनतम जैन लेख असल्याचे अनेक अभ्यासकांचे मत आहे. डोंगराचा आसरा आणि टाक्यातले पाणी एवढ्यावर साधना करणाऱ्यांचे हे स्थान अपरिग्रहाचा अर्थ न बोलता सांगते.

निसर्ग आणि आरोग्य

मनःशांतीचा हा अनुभव आता शास्त्राच्या कसोटीवरही तपासला जात आहे. लोणावळ्यात 1924 मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रियांचा प्रयोगशाळेत अभ्यास आरंभिला. अमेरिकेतील रॉजर उलरिक यांनी 1984 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत पाहणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेल्याचे आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागल्याचे आढळले. निसर्ग औषधाची जागा घेत नाही. बरे होण्यास हातभार मात्र लावतो.

जावे कसे?

साधूंची ईर्यासमिती गृहस्थालाही वाट दाखवते : चार हात पुढची भूमी पाहत, सावकाश, कोणत्याही जीवाला इजा न करता चालावे. असे चालताना बोलणे आपोआप कमी होते, श्वास संथ होतो आणि गवतावरचे दव, कोळ्याचे जाळे, मुंग्यांची रांग दिसू लागते. ऊन चढण्यापूर्वी चढण संपवावी. गाळून उकळलेले पाणी व घरचा डबा सोबत घ्यावा आणि कचरा परत आणावा. भाजे लेण्यांपर्यंत पायऱ्या असल्या तरी गुडघ्यांचे वा हृदयाचे दुखणे असलेल्या ज्येष्ठांनी वैद्यांचा सल्ला घ्यावा. त्यांच्यासाठी पायथ्याच्या भातखाचरांकडेची सपाट वाटही पुरेशी आहे. मुलांच्या हाती मोबाइलऐवजी वही द्यावी. दिसलेली फुले, पाखरे त्यांनी टिपावीत. परतताना वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने विकसित केलेला सुवासिक ‘इंद्रायणी’ तांदूळ थेट शेतकऱ्याकडून घ्यावा. दिवस आता लहान झालेले असतात. चौविहार सांभाळणाऱ्यांनी सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ धरूनच परतीची गाडी ठरवावी.