प्रोसेसर ताणायचा की बदलायचा: सिंहस्थ ते सिंहस्थ

नाशिककराला वर्षं सिंहस्थाच्या हिशेबाने आठवतात. जुना प्रोसेसर ताणून, म्हणजे ठरवून दिलेल्यापेक्षा जास्त वेगाने, चालवायचा की सरळ बदलायचा, या प्रश्नाचा मागोवा घ्यायलाही तोच हिशेब सोयीचा पडतो. २००३च्या सिंहस्थात ताणणं हे गरिबाचं उत्तर होतं, २०१५पर्यंत ते हौशी माणसाचं झालं. आता पुढचा सिंहस्थ तोंडावर आलाय आणि मूळ प्रश्नच दुसरा होऊन बसलाय.

२००३ हे एएमडीच्या ‘बार्टन’चं वर्ष. अ‍ॅथलॉन एक्सपी २५००+ हा प्रोसेसर १.८३ गिगाहर्ट्झवर चालायचा. बायोसमध्ये शिरून बसचा वेग १६६वरून २०० केला, मल्टिप्लायर तोच ११ ठेवला, की २.२ गिगाहर्ट्झ, म्हणजे थेट महागडा ३२००+. बोर्ड आणि रॅम तेवढ्या ताकदीची हवी, बस्स. १९९८मध्ये इंटेलच्या सेलेरॉन ३००एने हीच गंमत दाखवली होती: ६६ची बस १०० केली की ३०० मेगाहर्ट्झचे ४५०. यात जादू काहीच नव्हती. कारखान्यात चांगल्या चिपा उदंड निघायच्या, गिऱ्हाईक मात्र स्वस्त मालाला जास्त. मग चांगल्या चिपेवरही कमी वेगाचा शिक्का बसायचा. ओव्हरक्लॉकिंग करणारा तो शिक्का पुसत होता.

नाशिकच्या पोराचं हे सगळं पंचवटी एक्सप्रेसवर अवलंबून असायचं. सकाळी गाडी पकडायची, दादरला उतरून लॅमिंग्टन रोडचा कॉम्प्युटर-बाजार गाठायचा, बोर्ड-पंखा घासाघीस करून घ्यायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत. (पंख्यावर पैसे वाचवणाऱ्याने या भानगडीत पडूच नये, हे माझं मत तेव्हाही होतं.) कारण उष्णतेचं गणित कुणाला चुकत नाही. चिपेला लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. वेग २५ टक्क्यांनी आणि त्यासाठी व्होल्टेज १० टक्क्यांनी वाढवलं, तर उष्णता जवळपास दीडपट. जानेवारीत पारा दहाच्या खाली असताना गुण्यागोविंदाने चालणारं मशीन मे महिन्यात, चाळिशीच्या उन्हात, हमखास हँग व्हायचं. त्यात त्या दशकातलं भारनियमन. इन्व्हर्टरवर चालणारं मशीन ताणायचं म्हणजे बॅटरीशी वैर.

तरीही २००७च्या, इंटेलच्या क्वाड क्यू६६००पर्यंत हा व्यवहार फायद्याचा राहिला. बस २६६वरून ३३३ केली की २.४चे ३ गिगाहर्ट्झ. दार बंद झालं २०११च्या जानेवारीत, इंटेलची ‘सँडी ब्रिज’ पिढी आल्यावर. आता बस हलवली की बाकीची सगळी घड्याळं हलायची, आणि मल्टिप्लायर मोकळा हवा तर नावापुढे ‘के’ असलेली चिप आणि तिला साजेसा वरच्या किमतीचा बोर्ड घ्यावा लागे. पैसे वाचवण्यासाठी ताणायचं, तर आधी जास्त पैसे मोजायचे! त्याच पैशात एक पायरी वरचा प्रोसेसर येत असेल, तर ताणण्याचा हट्ट कशाला?

शिवाय कोणाचं काम नेमकं कुठे अडतंय, हे फारसं कुणी पाहिलं नाही. सातपूर-अंबडच्या टूलरूममध्ये ऑटोकॅडवर बसणाऱ्याला वाढीव वेग खरोखर उपयोगी पडायचा, कारण ते सॉफ्टवेअर बरंचसं एकाच कोअरवर चालतं. बाकी बहुतेकांचं मशीन प्रोसेसरमुळे रखडत नव्हतंच. जुन्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसवली, रॅम दुप्पट केली, की दहा वर्षांचं मशीनही पळायला लागायचं. त्याच सॉकेटचा वरचा, वापरलेला प्रोसेसर शोधणं हा आणखी एक शहाणा मार्ग. एएमडीच्या एएम४ने तो नव्या मालातही आणला: २०१७च्या बोर्डावर बायोस बदलून २०२२चा ५८००एक्स३डी बसतो. आणि या प्रोसेसरचा मल्टिप्लायर कंपनीनेच बंद ठेवला होता.

एव्हाना चिपा स्वतःच स्वतःला ताणू लागल्या होत्या. तापमान आणि वीज पाहून त्या आपला वेग आपणच वाढवतात. माणसासाठी शिल्लक फारशी उरत नाही. मग विंडोज ११ आलं आणि वेग हा मुद्दाच राहिला नाही. जानेवारी २०१७चा आय७-७७००के, ज्याचे कित्येक नग ५ गिगाहर्ट्झपर्यंत ताणता येत, तो विंडोज ११ला चालणाऱ्या प्रोसेसरांच्या मायक्रोसॉफ्टच्या यादीत नाही. त्याच वर्षाच्या अखेरीचा, १.१ गिगाहर्ट्झचा किरकोळ सेलेरॉन एन४००० मात्र यादीत आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नेहमीचा आधार संपला; घरगुती वापरासाठी वाढवून मिळालेली मुदतही ऑक्टोबर २०२६पर्यंतचीच. ताणून वय कमी होत नाही, त्यामुळे इथे उत्तर ‘बदला’ हेच, किंवा लिनक्स.

अपवाद डीटीपीवाल्यांचा. पत्रिका आणि हँडबिलं करणाऱ्या कितीतरी दुकानांत जुनाट मशीन टिकून आहे, कारण मराठी अक्षरांच्या जुन्या सॉफ्टवेअरचं डोंगल प्रिंटरच्या पॅरलल पोर्टला लागतं आणि नव्या बोर्डावर तो पोर्टच येत नाही. वर्षानुवर्षांच्या फायली युनिकोडआधीच्या फाँटमध्ये अडकलेल्या; त्या दुसरीकडे उघडल्या की अक्षरांचा चिवडा. तिथे प्रोसेसरची चर्चा व्यर्थ आहे. आधी फायली युनिकोडमध्ये न्यायच्या, जोडाक्षरं एकेक तपासून घ्यायची. मग मशीन कुठलंही घ्या.