मोबाईल घ्या, टेकडी चढा

चाकणला पाळीभर उभे राहायचे आणि सुट्टीला मोबाईल घेऊन आडवे व्हायचे, असे आमचे चालले होते. आता रविवारी मुलांसह निगडीच्या दुर्गादेवी टेकडीवर जातो. एकजण पुढे जाऊन चिंचगोळ्यांचा पारदर्शक डबा लपवतो, गुगल मॅपवर ती जागा बोटाने दाबून धरतो आणि इतरांना पाठवतो. अमेरिकेत २००० साली हा खेळ सुरू झाला, तेव्हा वेगळे जीपीएस यंत्र लागे. नकाशा घरीच डाऊनलोड करा. डेटा संपला तरी जीपीएस चालते. झाडीत मात्र मोबाईल पाच-दहा मीटर चुकतो. तिथून पुढे वाकून, डोळ्यांनीच शोधायचे. दगडाखाली हात घालू नका, विंचू असतो. शेलारवाडीच्या बुद्धलेण्यांत डबा लपवू नये, तो आपला ठेवा आहे. परवा डबा सापडला तेव्हा धापा आम्हीच टाकत होतो, मुले नाही.