एका खाटकाची पत

धंदा कोणता, ह्यापेक्षा तो कसा केला, ह्यावरून माणसाची योग्यता ठरते. ऑस्कर मायर ह्या खाटकाचे चरित्र ह्याची साक्ष देते.

ऑस्करचा जन्म १८५९ साली जर्मनीतील वुर्टेंबर्ग येथे झाला. चौदाव्या वर्षी नातलगांबरोबर तो अमेरिकेस गेला व डेट्रॉइट शहरी एका मांसविक्रेत्याकडे उमेदवारी करू लागला. पुढे शिकागोत १८८३ साली त्याने आपला भाऊ गॉटफ्रीड ह्याच्यासह भाड्याच्या जागेत दुकान थाटले. धंद्याची भरभराट पाहून घरमालकाने भाडेपट्टा वाढवून देण्याचे नाकारले. तेव्हा भावांनी कर्ज काढून जवळच स्वतःची इमारत बांधली.

त्या काळी मांस बहुधा निनावी विकले जाई. ते वाईट निघाल्यास जाब कोणास विचारावा? मायर बंधूंनी १९०४ पासून आपल्या मालावर छाप घालण्यास आरंभ केला. १९०६ साली अप्टन सिंक्लेअर ह्यांच्या कादंबरीने शिकागोच्या मांसकारखान्यांतील घाण चव्हाट्यावर आणली व सरकारी तपासणीचा कायदा झाला. मायर बंधूंनी ती तपासणी आपखुशीने पत्करली. ऑस्कर मायर १९५५ साली निवर्तले.

विद्यार्थिमित्रहो, आपल्या वहीवरही आपले नाव असते. आतील काम त्या नावास साजेसे असावे.